बूटलोडर कुठे टाकू?

घरच्या डेस्कटॉपवर दोन डिस्क आहेत. एक एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी, तिच्यावर विंडोज आणि बायकोचं टॅली. दुसरी साटा एसएसडी, मी खास लिनक्ससाठी घेतलेली. लिनक्सच्या इन्स्टॉलरने अगदी अदबीने विचारलं, बूटलोडर कुठे टाकू? बूटलोडर म्हणजे मशीन चालू होताच सिस्टिमला जागं करणारा छोटा प्रोग्राम. मी यादीतून नवी डिस्क निवडली, पुन्हा वाचून खात्री केली, पुढे गेलो आणि त्या पठ्ठ्याने बूटलोडर नेऊन टाकला बायकोच्या डिस्कवर! (कोणता इन्स्टॉलर ते विचारू नका, त्याचे भक्त फार आहेत.)

म्हणजे ब विंगमध्ये फ्लॅट दिलेल्या भाडेकरूने अ विंगच्या वॉचमनला उठवून खुर्चीत आपला माणूस बसवावा, तसलं काम. कारण काय, तर यूईएफआय, म्हणजे बूट व्हायच्या नव्या पद्धतीच्या मशीनमध्ये सिस्टिम चालू करायच्या फाइली ईएफआय सिस्टम पार्टिशन नावाच्या छोट्याशा फॅट३२ कप्प्यात असतात, विंडोजचा असला तर बहुतेकदा १०० एमबीचा, आणि पहिल्या डिस्कवर असा कप्पा दिसला की हा तिथेच पथारी पसरतो, तुम्ही यादीत काहीही निवडा. अरे मग विचारतोस कशाला?

रीबूट केलं तर मेनूत विंडोज नाहीच. लिनक्सचा बूटलोडर म्हणजे ग्रब, त्याचं २.०६ आलं २०२१ मध्ये, तेव्हापासून शेजारच्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवतात, सुरक्षेसाठी म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी ११ तारीख, जीएसटीआर-१ ची शेवटची.

"अरे, माझं टॅली कुठंय?"

"आहे गं, फक्त दिसत नाहीये."

यावर तिने जे बघितलं ते इथे लिहिता येत नाही. एफ१२ दाबून बूट मेनूत गेलो तर विंडोज बूट मॅनेजर ठणठणीत, नुसता क्रम बदललेला. यूईएफआयच्या आधी, एमबीआरच्या जमान्यात डिस्कच्या सुरुवातीला बूटलोडरला ४४६ बाइटांची जागा असायची, नवा आला की जुना पुसलाच जायचा, त्या मानाने आता निदान फोल्डर तरी वेगळे असतात.

पण खरी गोम पुढेच. उद्या बायकोची डिस्क काढली तर माझं लिनक्सही चालू होणार नाही, कारण त्याची किल्ली तिच्याकडे! तिच्या डिस्कवरच्या त्या ईएफआय पार्टिशनचा ईएसपी फ्लॅग, म्हणजे ओळखीची खूण, तात्पुरता काढून परत इन्स्टॉल करता येतं, पण बायको म्हणाली, माझ्या डिस्कवर काहीही बदलायचं नाही. मग डिस्कच काढायची ठरली. साटाची केबल एका झटक्यात निघते, एनव्हीएमई मात्र आमच्याकडे ग्राफिक्स कार्डच्या खाली, हीटसिंकच्या आत आणि तिचा तो तिळाएवढा स्क्रू सुटला तो थेट मदरबोर्डखाली, मग अख्खं कॅबिनेट उचलून गदागदा हलवलं. बायको डिस्क हातात घेऊनच बसली, रिटर्न भरायचंय ना.

आता मशीनमध्ये एकच डिस्क उरली. इन्स्टॉलर चालू केला, त्याने परत तितक्याच अदबीने विचारलं, बूटलोडर कुठे टाकू? यादीत माझी एसएसडी आणि ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल चाललं होतं तो पेनड्राइव्ह.

मी एसएसडी निवडली. आणि एक हात पेनड्राइव्हवर ठेवून बसलो.