‘लॉइड्समधले पैसे काढा, हॅलिफॅक्समध्ये ठेवा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

लेस्टरला शिकणाऱ्या भाचीने एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड पाठवलं आणि खाली विचारलं, “मामा, आजच काढू का पैसे?” फॉरवर्ड लांबलचक आहे. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: लॉइड्स बँक गुलामांच्या जहाजांचा विमा उतरवणाऱ्या कॉफीहाउसमधून निघाली, हिंदुस्थानच्या लुटीवर वाढली, २००८ मध्ये बुडाली आणि करदात्यांचे पैसे गिळून बसली. आता ती शाखा बंद करते आहे, म्हणजे पुन्हा बुडणार. म्हणून सगळी रक्कम आजच काढा, अर्धी हॅलिफॅक्समध्ये आणि अर्धी बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये ठेवा, तिथे ‘सरकारची डबल गॅरंटी’ मिळते.

इतिहास नंतर बघू. शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण तो ऐकून खरोखर नुकसान होऊ शकतं.

हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड ही दोन नावं आहेत, बँक एकच. हॅलिफॅक्स हा बँक ऑफ स्कॉटलंड पीएलसी या कंपनीचा एक विभाग आहे, आणि ती कंपनी लॉइड्स बँकिंग ग्रुपच्याच मालकीची आहे. म्हणजे फॉरवर्ड लॉइड्समधून पळून लॉइड्सच्याच घरात जायला सांगतं, तेही एका खोलीत दोन दारांनी.

ब्रिटनमध्ये ठेवींना संरक्षण देते एफएससीएस, म्हणजे फायनान्शियल सर्व्हिसेस कॉम्पेन्सेशन स्कीम. १ डिसेंबर २०२५ पासून ही मर्यादा ८५,००० वरून १,२०,००० पौंड झाली आहे. ती माणशी आणि परवान्यागणिक मोजतात. पाटीवर नाव काय आहे, खाती किती आहेत, शाखा कुठली आहे, याने काही बदलत नाही. आपल्याकडे एकाच बँकेच्या दादर आणि ठाणे शाखांत ठेवी असल्या, तरी विमा दोन्ही मिळून ५ लाखांचाच असतो. तसंच हे.

आता हिशेब करा. कुणाकडे १,८०,००० पौंड आहेत. फॉरवर्डचं ऐकून त्याने ९०,००० हॅलिफॅक्समध्ये आणि ९०,००० बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये ठेवले. परवाना एक, म्हणून संरक्षण १,२०,००० चं आणि ६०,००० उघड्यावर. तेच ९०,००० लॉइड्समध्येच राहू दिले असते आणि उरलेले हॅलिफॅक्समध्ये ठेवले असते, तर सगळी रक्कम संरक्षणात आली असती, कारण लॉइड्स बँक पीएलसीचा परवाना वेगळा आहे. मालक एक असला तरी परवाने दोन आहेत. ज्या बँकेतून पळायला सांगितलं, तिथे निम्मे पैसे ठेवणंच अधिक सुरक्षित ठरतं!

हे स्वतः तपासायला दोन मिनिटं लागतात. बँकेच्या संकेतस्थळावर पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक असतो. लॉइड्स बँकेचा ११९२७८ आहे. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड दोघांच्याही पानावर १६९६२८ दिसेल. क्रमांक एक असेल तर मर्यादाही एकच. एफसीए या ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या फायनान्शियल सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये क्रमांक टाकला, की त्या परवान्याखालची सगळी व्यापारी नावं दिसतात.

‘सरकारची गॅरंटी’ हे शब्दही चूक आहेत. ही योजना कायद्याने उभी राहिली आहे, पण तिचा पैसा बँका आणि इतर वित्तसंस्थांवरच्या आकारणीतून येतो. संयुक्त खात्यात दोघांना स्वतंत्र मर्यादा मिळते, म्हणजे एकूण २,४०,०००. राहतं घर विकून मोठी रक्कम आली, तर सहा महिन्यांपर्यंत १४ लाख पौंडांचं तात्पुरतं संरक्षण असतं. पासपोर्ट भारतीय आहे की ब्रिटिश, याचा संबंध नाही. फी आणि भाड्यापुरते काही हजार पौंड खात्यात असलेल्या विद्यार्थ्याला तर यातलं काहीच करायची गरज नाही.

आईवडिलांना भीती का वाटते ते कळतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. ते ज्यांनी पाहिलं, त्यांचा ‘बँक आहे, बुडणार कशी’ यावर विश्वास उरलेला नाही. पण त्या भीतीच्या जोरावर चुकीचा सल्ला खपवणं मला अजिबात मान्य नाही.

शाखा बंद होताहेत हे खरं आहे, आणि त्याचा वयस्कर लोकांना होणारा त्रासही खरा. पण शाखा ही बँकेची तब्येत मोजायची जागा नव्हे. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉकच्या शाखा उघड्या होत्या आणि बाहेर रांगा लागल्या होत्या. ती बँक अडकली ती घरकर्जांसाठी ठेवींपेक्षा बाजारातल्या उसन्या पैशावर फार विसंबल्यामुळे. तो पैसा मिळेनासा झाला आणि गाडा थांबला. रांगेतले लोकही वेडे नव्हते. तेव्हा पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण आणि पुढच्या ३३,००० ना ९० टक्केच संरक्षण होतं. बँक तपासायची तर ठेवींच्या तुलनेत कर्जं किती आणि अल्पमुदतीची उसनवारी किती, ते बघा. रोख भरायची-काढायची असेल तर लॉइड्सच्या ग्राहकाला पोस्ट ऑफिसचा काउंटर चालतो, बऱ्याच गावांत सामायिक बँकिंग हबही झाले आहेत.

२००८ चा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. लॉइड्स टीएसबीने (हे लॉइड्सचं तेव्हाचं नाव) १८ सप्टेंबर २००८ ला, लेहमन ही अमेरिकी बँक कोसळल्यावर तीनच दिवसांनी, एचबीओएस विकत घेत असल्याचं जाहीर केलं. एचबीओएस म्हणजे २००१ मध्ये एकत्र आलेल्या हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड. होय, तीच दोन नावं! बांधकाम व्यावसायिकांना वाटलेली बेसुमार कर्जं आणि बाजारातली उसनवारी यांनी ती पोखरली होती. तो खड्डा लॉइड्सच्या अंगावर आला, आणि सरकारला सुमारे २०.३ अब्ज पौंड घालून ४३ टक्क्यांवर भागीदारी घ्यावी लागली. शेवटचे सरकारी शेअर मे २०१७ मध्ये विकले गेले, आणि लाभांशासह २१.२ अब्ज परत आल्याचा हिशेब सरकारने दिला. करदात्यांचा मोठा तोटा झाला तो रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये. तिथे ४५.५ अब्ज गेले आणि सरकार पूर्ण बाहेर पडायला मे २०२५ उजाडलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ‘स्कॉटलंड’ वाचून दोन बँकांची गल्लत केली असावी. लॉइड्सवर टीकाच करायची तर पीपीआय, म्हणजे आजारपणात किंवा नोकरी गेल्यास कर्जाचे हप्ते भरणारा विमा, ग्राहकांच्या गळ्यात मारल्याबद्दल करा. त्याची भरपाई २१ अब्ज पौंडांच्या वर गेली. फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

कॉफीहाउस एडवर्ड लॉइडचं. १६८८ च्या सुमारास ते लंडनच्या टॉवर स्ट्रीटवर होतं, पुढे लोंबार्ड स्ट्रीटवर गेलं. त्यातून ‘लॉइड्स ऑफ लंडन’ हा विमाबाजार उभा राहिला, आणि गुलामांच्या व्यापारातल्या सहभागाबद्दल जून २०२० मध्ये माफी मागितली ती त्याने. इंग्रजीत त्या नावात अपोस्ट्रॉफी असते, बँकेच्या नावात नसते. देवनागरीत हा फरक पुसला जातो, आणि गोंधळ तिथेच होतो. बँक १७६५ मध्ये बर्मिंगहॅमला सुरू झाली. बटणं बनवणारा जॉन टेलर आणि लोखंडाचा व्यापारी सॅम्पसन लॉइड हे तिचे भागीदार. तिचं बोधचिन्ह असलेला काळा घोडाही मूळचा तिचा नाही. लोंबार्ड स्ट्रीटवरची एक पेढी १८८४ मध्ये घेतली, तिच्याबरोबर ती खूण आली.

हिंदुस्थानशी संबंध मात्र आहे, आणि तो झाकायचं कारण नाही. १९२३ मध्ये लॉइड्सने डबघाईला आलेली कॉक्स अँड कंपनी घेतली. गोऱ्या फौजेतल्या अधिकाऱ्यांचे पगार आणि हिशेब सांभाळणारी ही पेढी, मुंबईतही तिची शाखा होती. इथल्या फौजेचा खर्च इथल्याच महसुलातून भागत होता, तेव्हा त्या धंद्यातली कमाई कुठून आली हे उघड आहे. पण तोवर बँक दीडशे वर्षांची आणि इंग्लंडच्या पाच बड्या बँकांपैकी एक झालेली होती. इथला कारभार तिने पुढे नॅशनल अँड ग्रिंडलेजला विकला. ती ग्रिंडलेज १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एएनझेड बँकेकडे आणि २००० मध्ये स्टँडर्ड चार्टर्डकडे गेली.

भाचीला एवढंच कळवलं: पैसे आहेत तिथे राहू दे. कधी बँक बदलायचीच असेल तर रक्कम काढून खातं बंद करू नकोस. नव्या बँकेकडे करंट अकाउंट स्विचची विनंती कर. सात कामकाजाच्या दिवसांत पगार, डायरेक्ट डेबिट, स्टँडिंग ऑर्डर सगळं हलतं, आणि जुन्या खात्यावर येणारे पैसे पुढे तीन वर्षं आपोआप वळवले जातात. कार्ड नंबर देऊन चालू केलेली सदस्यत्वं तेवढी हलत नाहीत, ती स्वतः बदलावी लागतात. आणि ‘तुमची बँक बुडतेय, या सुरक्षित खात्यात पैसे टाका’ असा फोन आला तर तो ठेवून १५९ फिरव, तो थेट आपल्या बँकेशी जोडून देतो. ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंत परतफेडीचा नियम आहे, पण तो ब्रिटनमधल्या खात्यांपुरताच. परदेशातल्या खात्यात पाठवलेली रक्कम त्यात येत नाही.