त्या ब्लूटूथच्या कुणीतरी मुस्काटात मारा

पहिल्या मजल्यावर घर घेऊ नका. घेतलंत तर स्वयंपाकघराच्या बरोब्बर खाली गाडी लावू नका. लावलीतच, तर ओट्यापाशी उभं राहून फोनवर सासूविषयी अवाक्षर काढू नका.

रविवारी सकाळी मी ताईशी बोलत होते. विषय, सासूबाईंनी माझ्या डब्यांची लावलेली वाट. रवा मैद्याच्या डब्यात, मैदा साखरेच्या, आणि कणीक कुठे ते देव जाणे. मी रंगात आलेले आणि ताईचा आवाजच गेला. हॅलो, हॅलो. फोन झटकला, कानावर दाबला, बाल्कनीत गेले. तिथे ताई स्पष्ट ऐकू आली. खालून. पार्किंगमधून!

सासूबाईंना स्वारगेटला सोडायला नवऱ्याने गाडी चालू केली होती, आणि त्या मेलीने माझा चालू कॉल वरच्या मजल्यावरून खाली ओढून घेतला होता. काचा उघड्या, वॉचमनकाकांचा झाडू हवेत, आणि चारही स्पीकरमधून ताई: "अगं, पण तू गप्प का बसतेस? सांग ना तोंडावर, माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड नको म्हणून!"

दोन सेकंद शांतता. मग सासूबाई: "मी सासूच बोलतेय. कणीक उभ्या स्टीलच्या डब्यात आहे म्हणावं तिला."

दहाव्या शतकात डेन्मार्कात हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होता. त्याने म्हणे विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, म्हणून या कारट्या तंत्राला त्याचं नाव. आणल्या ना एकत्र. ताई आणि सासूबाई चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या!

नवऱ्याचा फोन तिथेच त्याच्या खिशात होता हो. पण गाडीला माझाच हवा. मी चालवायला बसले की मात्र हिला वर अंघोळ करणाऱ्या नवऱ्याचा फोन सापडतो. बदलायला जावं तर 'आधी गाडी थांबवा'. अगं बाई, शेजारी बसलेला माणूस बटण दाबतोय, मी नाही! नंबर मराठीत सेव्ह केले तर स्क्रीनवर नुसते चौकोन. माहेर चौकोन, गॅसवाला चौकोन, बॉस चौकोन. आणि गाडी चालू केल्याकेल्या, न विचारता, रात्री अर्धवट ऐकलेली खुनाची गोष्ट, तीही रात्रीच्याच आवाजात. मागच्या सीटवर सोसायटीतली तीन पोरं, शाळेच्या गणवेशात.

भाच्याला सांगितलं तर म्हणे, "मावशी, सेटिंगमध्ये जा ना." याच्या वयाची पोरं सगळ्याला हेच सांगतात, सर्दीलासुद्धा.

गेले. फोनमध्ये गाडीच्या नावाखाली दोन बटणं असतात, एक 'फोन कॉल', एक 'मीडिया ऑडिओ'. म्हणजे बोलणं वेगळ्या वाटेने जातं, गाणी वेगळ्या. हे मला आज कळलंय. रविवारी रात्री मी दात-ओठ खात त्यातलं एक बंद केलं आणि विजयी मुद्रेने झोपले.

बंद केलं ते मीडिया.

सोमवारी कोथरूडहून बावधनला निघाले. मॅपवाल्या बाईचा आवाज मीडियात मोडतो, त्यामुळे ती गाडीतून न बोलता पर्सच्या तळाशी, रुमालाखाली पुटपुटत बसली. आणि कुठे, तर चांदणी चौकात! २०२३ साली तिथे नवा पूल आणि रॅम्पचं जाळं झाल्यापासून पुण्यात जन्मलेली माणसंही तिथे देवाचं नाव घेतात. मी चुकीच्या रॅम्पने हायवेला लागले. बावधन पाठीमागे, मी वारज्याकडे.

तेवढ्यात चारही स्पीकर दणाणले. 'फोन कॉल' चालूच होतं ना! स्क्रीनवर सहा चौकोन. नवराच असणार म्हणून उचलला आणि जे काही तोंडात होतं ते सगळं बोलून घेतलं, त्याच्या गाडीपासून त्याच्या खानदानापर्यंत.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मैदा सापडला का?"