सरपंच कुठंयत?

रहिवासी दाखल्याच्या सहीसाठी तिसरी चक्कर. विचारलं, "सरपंच कुठंयत?" खुर्चीतला गडी मिशीवरून हात फिरवत म्हणतो, "बोला की, मीच हाव."

अहो, निवडून तुमची मालकीण आली ना? बोर्डावर नाव तिचं, बॅनरवर दुप्पट फोटो तुमचा, अन् शिक्का तुमच्या खिशात? पंचायतीत बायांना राखीव जागा देणारी 73वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली, महाराष्ट्रात 2011 ला आरक्षण 50 टक्क्यांवर गेलं. निम्म्या खुर्च्या बायांच्या, अन् बसायला सगळे मिशीवाले! मराठवाड्यात टँकर कुठल्या वस्तीवर लावायचा, हे उन्हात घागर घेऊन उभ्या बाईपेक्षा ह्यांना जास्त कळतं व्हय?

शेवटी घरी जाऊन वहिनींनाच हाक मारली. पदराला हात पुसत आल्या, कागद वाचला.

"तारीख चुकलीय ह्यात."

साहेबांनी कागद वाचलाच नव्हता.