मधे अख्खं पुणे!

नोकऱ्या नेऊन टाकल्या हिंजवडीत, परवडणारी घरं निघाली हडपसरच्याही पलीकडे, आणि मधे अख्खं पुणे! एकेका गाडीत एकेक माणूस, एसी चालू, इंजिन चालू, गाडी जागेवर. पेट्रोल जळतंय ते पोचायला नाही, नुसतं उभं राहायला. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली वाट, आपलीच बरं का, २००६ ची, कात्रज-स्वारगेट-हडपसर. तिच्या लेनमध्ये दुचाक्या घुसवणारेही आपणच. मेट्रो २०२२ पासून धावतेय, छान गारेगार. पण जिना उतरल्यावर पुढे काय? फूटपाथवर गाड्या लावलेल्या, रिक्षावाला 'तिकडं नाही' म्हणून मोकळा. मग परत स्कूटरच काढायची ना? वर सोसायटीतले काका विचारतात, "अजून कार नाही घेतली?" ठेवू कुठे काका, तुमच्या डोक्यावर?