बाई बोलल्या नाहीत

दोन वडापाव खाऊन झाले होते. बोटांची लसणाची चटणी कागदाला पुसून झाली होती. फोनवर हिरवी खूण आली होती आणि खात्यातून 40 रुपये गेल्याचा बँकेचा मेसेजही आला होता. एवढं झाल्यावर माणसाने घरी जायला हरकत नसावी. पण डोंबिवली स्टेशनबाहेरच्या त्या गाडीवाल्याने कढईतून मान वर न काढता विचारलं, "पैसे?"

"दिले की. हे बघा."

"बाई बोलल्या नाहीत."

बाई म्हणजे तेलाच्या डब्याला टेकवलेला, वाफेने चिकट झालेला स्पीकर. त्याच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड असतं, आणि संध्याकाळी स्टेशनवर गर्दी झाली की आपल्या फोनसारखीच त्याचीही रेंज जाते. हे सगळं मी सांगू लागलो. माझं बोलणं तोडत मागून आवाज आला, "काय झालं?"

एक काका. हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी, चष्मा कपाळावर. भजीचा घाणा निघेपर्यंत त्यांना तसंही काही काम नव्हतं.

"बाई बोलल्या नाहीत," गाडीवाला म्हणाला.

"मग नाही मिळाले," काका निकाल देऊन मोकळे.

"अहो, माझ्या खात्यातून गेलेत."

"गेले असतील. आले नाहीत ना."

"मग गेले कुठे?"

"ते तुम्ही सांगायचं."

त्यांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा खाली ओढला आणि पडदा जवळ-लांब करून तपासला. "हिरवं काय, कुणीही करतं. आमच्या सोसायटीत एकाने इस्त्रीवाल्याला महिनाभर हिरवंच दाखवलं." मग त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत पाहून घेतलं. "तुम्ही तसे वाटत नाही म्हणा." थोडं थांबून, "तोही वाटत नव्हता."

तेवढ्यात बाई बोलल्या! "चाळीस रुपये प्राप्त झाले."

"घ्या!" मी जवळजवळ ओरडलोच.

"ते माझे," शेजारून एक कॉलेजची मुलगी म्हणाली. कानातला इअरफोन काढायचेही कष्ट तिने घेतले नाहीत. तिनेही दोनच वडापाव घेतले होते. बाई रक्कम सांगतात, नाव सांगत नाहीत.

काकांना आता खरा रंग चढला. "तू कधी पाठवलेस?"

"आत्ता."

"आणि तुम्ही?"

"मघाशी."

"मग तिचे."

"अहो, आधी पाठवले म्हणजे आधी माझे यायला नकोत?"

"पैसे रांगेत येत नाहीत, अंकल," मुलगी म्हणाली आणि निघून गेली. त्यातलं अंकल मी अजून विसरलेलो नाही.

गाडीवाल्याने नुसतं स्वतःचं ॲप उघडून पाहिलं असतं तरी मिटलं असतं. पण खातं भावाच्या नावावर, फोन भावाकडे आणि भाऊ कल्याणला. शेवटी मी कायद्याच्या भाषेत शिरलो. "मी वडे खाल्ले, हे तरी मान्य आहे ना?"

"म्हणजे काय! मी डोळ्यांनी पाहिलं," काका म्हणाले.

इथे माझं डोकं फिरलं. खाल्ल्याला डोळ्यांचा पुरावा चालतो, दिल्याला चालत नाही. मी समोर उभा, पैसे दिले म्हणून घसा कोरडा करतोय, आणि ऐकायचं कुणाचं, तर डब्याला टेकलेल्या एका खोक्याचं. गाडीवाल्याला दोष द्यावा, तर खोटी हिरवी खूण दाखवणारी ॲप खरोखरच निघाली आहेत. भामट्यांनी ॲप काढली आणि त्याचा भुर्दंड माझ्या अब्रूला.

पाकिटात कार्डं होती, पॅनची झेरॉक्स होती, रोख नव्हती. तेव्हा काकांनी खिशातून दोन विसाच्या नोटा काढल्या आणि भजीच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जाऊ दे रे, माझ्याकडून घे. माणूस अडचणीत असतो कधी कधी."

"तुमचा नंबर सांगा, लगेच पाठवतो."

"नको हो. तुमचं परत अडकायचं."

वडापाव म्हणे 1966च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर जन्माला आला. पुढची पन्नास वर्षं हा धंदा सुट्ट्या नाण्यांवर आणि "उद्या द्या"वर चालला. 2016मध्ये यूपीआय आलं आणि 2025च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांचा आकडा 2000 कोटींवर गेला. त्या 2000 कोटींचं कौतुक सगळे करतात. मधेच लटकलेल्याने मात्र गाडीसमोर हात चोळत उभं राहायचं. "उद्या द्या" म्हणायची सोय गाडीवाल्याला आता उरलेली नाही, कारण उद्या येणारा गिऱ्हाईक कोण, हे त्याला माहीत नसतं. त्याने वर बघितलंच नव्हतं. मीही फोनमध्येच होतो म्हणा.

घरी येऊन बँकेच्या ॲपवर तक्रार केली. आधी मी माणूस आहे हे सिद्ध करायचं होतं. सिग्नल असलेले चौकोन निवडा. सिग्नलचा खांब शेजारच्या चौकोनात घुसला होता, तो सिग्नलात धरायचा की नाही यावर मी आणि बायको भांडलो. माणूस ठरल्यावर ज्याच्याशी बोलणं जोडून दिलं, तो माणूस नव्हता. "नमस्कार! मी आपली काय मदत करू?" सगळं सांगितलं. "क्षमस्व, मला समजलं नाही. गृहकर्ज हवं आहे का?"

मग रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019चं परिपत्रक सापडलं. दुकानदाराला पोच न मिळालेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. 40 रुपयांवर रोज 100! मी तक्रारीचा पाठपुरावा तिथल्या तिथे थांबवला. पैसे महिनाभर लटकले तर काय काय घेता येईल, याची यादी बायकोने केली. नालायक पैसे मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी परत आले. पाठोपाठ मेसेज: आमच्या सेवेला किती तारे द्याल?

काका अधूनमधून प्लॅटफॉर्मवर दिसतात. विसाच्या दोन नोटा घेऊन मी पुढे झालो की, "राहू द्या हो, कुठे पळून जाताय," म्हणत माझा हात मागे सारतात. 40 रुपये घेतले तर किस्सा संपेल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. परवा सोबत कुणीतरी होतं. काकांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे बोट केलं आणि त्याला म्हणाले, "तुला सांगत होतो ना वडापाववाले? ते हे."