पट्टी कंपासपेटीत ठेवा

परवा रात्री दहाला मामीचा फोन. मामा ट्यूबलाइटसमोर सीटीची फिल्म धरून, नातीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून छातीतली गाठ मोजत बसलेत. कारण नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेलं हे ज्ञान: ‘सीटी रिपोर्टवरून आयुष्य ओळखा. 1 सेंमी गाठ म्हणजे 5 वर्षे, 3 सेंमी म्हणजे 2 वर्षे, 5 च्या पुढे 6 महिने. सुई टोचू देऊ नका, कॅन्सर चवताळतो. एक सीटी म्हणजे 400 एक्स-रे. पुढच्या सीटीत गाठ मिलिमीटरनेही वाढली तर औषध बंद करा.’ खाली जोडलेले हात.

रिपोर्टात गाठ 3.4 सेंमी आणि मामांच्या पट्टीवर जेमतेम 8 मिलिमीटर, म्हणून घरात जरा आनंदही होता! अहो, फिल्मवर चित्रं लहान करून छापतात, एकेका शीटवर वीस-वीस. कडेला बारीक मोजपट्टी असते ती त्यासाठीच.

आता ते सेंटिमीटर-वर्षांचं कोष्टक. आकाराला काहीच अर्थ नाही असं मला म्हणता येत नाही, नाइलाज आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या आयएएसएलसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1999 ते 2010 मध्ये निदान झालेल्या 94,708 रुग्णांची माहिती गोळा केली, आणि 5 सेंमीपर्यंत सेंटिमीटरागणिक फरक पडतो असं त्यात दिसलं. पण स्टेज ठरवताना आकार हा तीनातला एक भाग. लसीकाग्रंथींत, म्हणजे डॉक्टर ज्यांना नोड्स म्हणतात त्यांत, आजार गेलाय का, आणि मेंदू, हाडं, यकृत इथे पोचलाय का, हे उरलेले दोन. 3.4 सेंमीची गाठ, बाकी सगळं स्वच्छ: स्टेज 1बी, याच माहितीनुसार 100 पैकी 68 जण पाच वर्षांनी हयात. 6 सेंमीची गाठ, नोड्स स्वच्छ: 53 जण. आणि दीड सेंमीचीच, पण शरीरात अनेक ठिकाणी पसरलेली: जवळजवळ कुणीच नाही. फॉरवर्डच्या हिशेबाने या शेवटच्या माणसाने पेढे वाटायचे!

शिवाय गाठीचा काही भाग नुसता धूसर असेल तर स्टेजसाठी फक्त घट्ट भाग मोजतात. आणि ते आकडे 2010 पर्यंतचे. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारी औषधं, आली ती त्यानंतर. एवढं करून ते समूहाचे आकडे, आमच्या मामांचे नव्हेत. मामांचा तर अजून कॅन्सरच ठरलेला नाही. रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीत बायोप्सी करून, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासून, खात्री करा असं लिहिलंय, ती ओळ कुणी वाचलीच नाही. आपल्याकडे टीबीची गाठसुद्धा सीटीत हुबेहूब असं सोंग घेते.

म्हणून सुईचा मुद्दा सगळ्यात घातक. सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं फार क्वचित. खरा धोका फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा. ती बहुधा आपोआप जिरते, कधी नळी घालावी लागते. पण तुकडाच नसेल तर ईजीएफआर, एएलके वगैरे, कॅन्सरच्या जनुकांतले बदल शोधणाऱ्या चाचण्या कशावर करणार? कुणाला नुसत्या गोळ्या चालतील हे त्यावरूनच कळतं.

400 एक्स-रे? मे 2021 मध्ये, कोविडात जो तो सीटीचा ‘स्कोअर किती?’ विचारत असताना, एम्सच्या संचालकांनी 300-400 म्हटलं होतं. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने तेव्हाच हरकत घेतली. छातीच्या नेहमीच्या सीटीत किरणोत्सर्ग साधारण 7 मिलिसिव्हर्ट (हे त्याचं माप), एक्स-रेत 0.1. म्हणजे सत्तरेक. कमी नाहीत, पण गाठ दिसलेल्या माणसाने त्या भीतीने सीटी टाळायचा?

आणि ‘मिलिमीटरनेही वाढली तर’: वाढ म्हणायला किमान 20 टक्के आणि किमान 5 मिलिमीटर, दोन्ही लागतात. 34 ची 36 झाली तर ती मोजणाऱ्याच्या हाताची चूकही असू शकते.

मामा, तुकडा गुरुवारी काढायचाय. डॉक्टरांना सेंटिमीटर विचारू नका, ‘नोड्स कसे आहेत, पेट स्कॅन (पोटाचा नव्हे, आजार शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारा) लागेल का’ हे विचारा. फिल्मही बरोबर न्या.