अडुसष्ट होते, तरी पुरत नव्हते

15 मार्च 1965 च्या रात्री अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, संयुक्त बैठकीत कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कावर भाषण केलं, आणि त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला. त्या भाषणाचं कुठे कौतुक निघालं की एक ठरलेला मजकूर फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: भाषण म्हणजे नाटक, तेही दुसऱ्याने लिहून दिलेलं. सिनेट या वरिष्ठ सभागृहातले शंभरातले 68 सदस्य जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे, मग विरोधकांना सोबत घेतल्याचं कौतुक कशाला? उलट त्यांना चुचकारण्यात कायद्याचे दात पडले. आणि एवढं करून कायदा टिकला कुठे? मजकूर चटकदार आहे, त्यातलं काही खरंही आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा.

आधी ते 68 बघू, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे.

आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षादेश निघाला की खासदार निमूटपणे मत देतो, म्हणून संख्याबळ कळलं की निकाल कळला असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या सिनेटमध्ये असा धाक नाही. 1965 मध्ये तर डेमोक्रॅट पक्ष आतून दुभंगलेला होता. दक्षिणेतले त्याचे सिनेटर या कायद्याचे हाडवैरी होते आणि त्यांच्या हातात फिलिबस्टर होतं, म्हणजे बोलत राहून विधेयक मताला येऊच न देण्याची मुभा. ते मोडायला हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांचा ठराव लागे. 25 मे रोजी तो ठराव मताला आला तेव्हा शंभरच्या शंभर हजर होते, म्हणजे 67 मतं हवी होती. ठराव 70 विरुद्ध 30 असा झाला. त्या 70 मध्ये डेमोक्रॅट 47 आणि रिपब्लिकन 23. विरोधातल्या 30 पैकी 21 जॉन्सन यांच्याच पक्षाचे! स्वपक्षाच्या भरवशावर बसले असते तर वीस मतं कमी पडली असती. विरोधी पक्ष शोभेपुरता होता म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून बघावी.

ती 23 मतं आयत्या वेळी पडली नाहीत. रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्या कार्यालयात अ‍ॅटर्नी जनरल निकोलस कॅट्झनबाख आणि त्यांचे वकील विधेयकाच्या शब्दाशब्दावर बसले होते. विधेयक मांडलं गेलं तेही सत्ताधारी नेते माइक मॅन्सफील्ड आणि डर्कसन या दोघांच्या नावाने.

आता नाटकाबद्दल. भाषणाचा मसुदा रिचर्ड गुडविन यांनी लिहिला, हे उघड आहे. राष्ट्राध्यक्षांची भाषणं अशीच लिहिली जातात. भाषणाने एकट्याने कायदा झाला नाही, हेही मान्य. आठवडाभर आधी, 7 मार्चला, अलाबामातल्या सेल्मा गावी एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना लाठ्यांनी झोडपलं आणि देशाने ते टीव्हीवर पाहिलं. कायद्याची खरी किंमत त्या पुलावर मोजली गेली, आणि कायद्याचं श्रेय वाटायला बसणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.

पण भाषण एकदा वाचून तर बघा. जॉन्सन तत्त्वांवरच थांबत नाहीत, थेट नोंदणीच्या कचेरीत शिरतात. कृष्णवर्णीय माणूस नाव नोंदवायला गेला की त्याला सांगतात, आज नोंदणीचा दिवस नाही, किंवा वेळ संपली, किंवा साहेब जागेवर नाहीत. चिकाटीने साहेबापर्यंत पोचलाच, तर मधलं नाव पूर्ण लिहिलं नाही किंवा अर्जात एक शब्द आखूड केला म्हणून बाद. तरीही टिकला तर परीक्षा, आणि पास की नापास हे ठरवणारा तोच कारकून. अख्खी राज्यघटना म्हणून दाखवायला सांगतील. कॉलेजची पदवी असली तरी लिहिता-वाचता येतं याचा तो पुरावा नाही. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही हा परिच्छेद समजावून सांगावा लागत नाही.

पुढे जॉन्सन ‘वी शॅल ओव्हरकम’ या चळवळीच्या गाण्याचे शब्द स्वतःच्या तोंडी घेतात. त्या गाण्याचं हिंदी रूप आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत म्हटलंय. दक्षिणेतले काही खासदार त्या रात्री फिरकलेच नाहीत, आणि बोलणारा टेक्सासचा, दक्षिणेचाच माणूस. शेवटाकडे ते सांगतात की आपण सभापती, मॅन्सफील्ड, डर्कसन आणि रिपब्लिकन खासदार मॅकलॉक यांच्या विनंतीवरून इथे आलो. हे काम करणारी काँग्रेस डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोघांची असावी. विरोधकांची नावं घेऊन, देशासमोर, श्रेयातला वाटा आधीच देऊन टाकला. यानंतर डर्कसन यांना मागे सरणं अवघड होतं. याला डावपेच म्हणा हवं तर. मी उत्तम डावपेच म्हणेन.

काँग्रेसमध्ये जॉन्सन यांनी स्वतः वीस वर्षं नागरी हक्कांच्या विधेयकांना विरोध केला होता, हा टोमणाही असतोच. विरोध केला होता, खरं आहे. दक्षिणेची मंडळी कुठे अडवणार हे त्यांना म्हणूनच तोंडपाठ होतं.

राहिले दात. राज्यांच्या निवडणुकीत मत द्यायला पट्टी भरावी लागे, ती थेट रद्द करण्याची एडवर्ड केनेडी यांची दुरुस्ती सिनेटमध्ये 49 विरुद्ध 45 अशी पडली. मॅन्सफील्ड आणि डर्कसन यांना ती न्यायालयात टिकेल असं वाटत नव्हतं. त्याऐवजी सरकारने या पट्टीविरुद्ध न्यायालयात जावं असं कलम आलं. तडजोड होती, बोचणारी होती. मार्च 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ती पट्टी घटनाबाह्य ठरवली. आणि जे दात उरले ते बघा: ज्या राज्यांचा इतिहास वाईट तिथे साक्षरता-परीक्षा स्थगित, केंद्राचे नोंदणी अधिकारी थेट गावात, नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनची परवानगी. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी 1965 मध्ये जेमतेम 7 टक्क्यांच्या आसपास होती. दोन वर्षांत ती सुमारे 60 टक्क्यांवर गेली. बोथट कायद्याने हे होत नाही.

टिकला कुठे, या प्रश्नाचं उत्तर सह्यांमध्ये आहे. खास तरतुदींना मुदतवाढ मिळाली ती 1970, 1975, 1982 आणि 2006 मध्ये. सह्या निक्सन, फोर्ड, रेगन आणि धाकटे बुश यांच्या. चौघेही रिपब्लिकन. 2006 मध्ये सिनेटचं मत 98 विरुद्ध शून्य होतं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी पूर्वपरवानगी कोणत्या राज्यांना लागेल हे ठरवणारं सूत्र उडवलं, तेव्हा नवं सूत्र लिहिणं काँग्रेसच्या हाती उरलं. 3 नोव्हेंबर 2021 ला असं विधेयक चर्चेला घेण्याचा ठराव सिनेटमध्ये आला. बाजूने मत देणारी रिपब्लिकन एकच, अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की. त्या दिवशी फिलिबस्टर मोडायला 67 नव्हे, 60 मतंच हवी होती, आणि तीही जमली नाहीत.